काइट मागे पडतो, एका बाजूला ओढतो? विकायच्या आधी लाइनी मोजा

हे काइटसर्फिंगच्या, म्हणजे मोठ्या काइटच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जायच्या खेळातल्या, काइटबद्दल आहे. काइट चार लाइनींनी, म्हणजे दोऱ्यांनी, हातातल्या दांड्याला, बारला, जोडलेला असतो: मधल्या दोन सेंटर, बाहेरच्या दोन बॅक. आधी लक्षणं सांगतो. तुमचं दुखणं यातलं कुठलं आहे ते नीट ओळखा, पुढची निम्मी तपासणी त्यावरच ठरते.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं. काइट बाराच्या काट्यावर, म्हणजे बरोबर डोक्यावर धरलाय. ताकद हवी म्हणून बार आत ओढला, तर ताकद राहिली बाजूला, काइट ढिला पडून मागच्या मागे खाली यायला लागतो. बार सोडला की सावरतो आणि पुन्हा वर चढतो.

दुसरं याच्या बरोबर उलट. बार पोटाशी आणला तरी काइटला दम नाही. वळवायला गेलं की सावकाश, आळसावल्यासारखा वळतो. वर बघितलं तर बॅक लाइनींना झोळ पडलेला. वारा जरा कमी झाला की काइट डोक्यावरून पुढे निघून जातो आणि मिटून पाण्यात पडतो. पडला की बारने उचलता उचलत नाही.

तिसरं, काइट सरळ राहावा म्हणून बार सतत तिरका धरावा लागतो. तासाभराने एकच दंड भरून येतो.

चौथं दिसायला तिसऱ्यासारखंच, पण बार पूर्ण बाहेर सोडला तरी काइट एका बाजूला जातोच. हे मुद्दाम वेगळं काढलंय. बार बाहेर असताना बॅक लाइनींवर भार जवळपास नसतो, तेव्हा सगळा कारभार सेंटर लाइनींचा आणि काइटचा. म्हणून बार आत असतानाच ओढत असेल तर संशय बॅक लाइनींवर घ्या. बार बाहेर असतानाही ओढत असेल तर सेंटर लाइन, ब्रायडल (लाइन काइटच्या पुढच्या कडेला जोडणाऱ्या आखूड दोऱ्या) किंवा काइटमधली हवा बघा. एवढं एक पाण्यावर असतानाच लक्षात ठेवलं तर घरी आल्यावरचं बरंच काम वाचतं.

पाचवं, हलक्या वाऱ्यात काइट शहाण्यासारखा वागतो आणि जोराचा झोत आला की वाकडा होतो. यात लाइनींचा दोष क्वचितच निघतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. मी इथे चार लाइनींचा नेहमीचा बार आणि हवा भरायचा काइट धरून लिहितोय. मधल्या दोन सेंटर लाइनी काइटच्या फुगीर पुढच्या कडेला, लीडिंग एजला जातात. चिकन लूपमधून, म्हणजे बारखालच्या कडीतून, त्यांचा भार थेट तुमच्या हार्नेसवर, कमरेच्या पट्ट्यावर, येतो आणि बहुतेक ओझं त्याच पेलतात. बाहेरच्या दोन बॅक लाइनी बारच्या टोकांपासून काइटच्या मागच्या कोपऱ्यांना. बार आत ओढला की मागची कड खाली खेचली जाते, वाऱ्याशी काइटचा कोन वाढतो आणि ताकद येते. कोन मर्यादेबाहेर गेला की वारा काइटच्या पाठीवरून सुटतो आणि काइट पडतो. पहिलं लक्षण म्हणजे हेच.

तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार गेल्या सीझननंतर काइट घेऊन आला. "दादा, हा आता मेला. विकून टाकतो, कितीला जाईल बघा." कापड अजून कडकडीत होतं, शिवण जागच्या जागी. दोष बारमध्ये होता, बॅक लाइनी सेंटरपेक्षा चांगल्या चार बोटं आखूड निघाल्या. माझ्याकडे मरगळलेला म्हणून येणारा काइट बहुतेक वेळा असाच ठणठणीत असतो, लांबी हललेली असते ती लाइनींची. त्यामुळे खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या चारांना पैसा लागत नाही.

ट्रिम आणि वारा

सुरुवात ट्रिमपासून, म्हणजे सेंटर लाइनींची लांबी कमी-जास्त करायच्या सोयीपासून. पट्टा असो की दोरी, ट्रिम ओढली की सेंटर लाइनी आखूड होतात आणि काइटची ताकद उतरते. वाळूवर, मदतीला माणूस ठेवून, काइट बाराच्या काट्यावर धरा, ट्रिम पूर्ण सोडा आणि बार सावकाश आत आणा. काइट मागे यायला लागला की थोडी थोडी ट्रिम ओढत जा. बार पूर्ण आत असूनही काइट जागेवर तरंगत राहील तिथे थांबा. आजच्या दिवसाचं काम झालं. पण हे करायला ट्रिम निम्म्याहून जास्त ओढावी लागली असेल, तर सेंटर लाइनी ताणून लांब झाल्यात असं खुशाल समजा. अशी ट्रिम ओढून महिनोन् महिने चालवणारे आहेत. तोटा हा की जोराचा वारा आला की ताकद उतरवायला ट्रिम शिल्लकच राहत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती लागते.

वाऱ्याचंही बघा. गोव्यात मोरजी-मांद्रेच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतर जो वारा लागतो तो बऱ्याचदा जेमतेम असतो. अशा वाऱ्यात बार गच्च आत धरून बसलं तर निरोगी काइटसुद्धा मागे येतो. शेजारी त्याच मापाचा काइट व्यवस्थित उडतोय का, एवढं बघून घ्या. त्याचाही पडत असेल तर बार सोडून उडवायला शिका. लाइनींना हात लावू नका.

आणि जमलं तर बारची अदलाबदल. मित्राचा त्याच कंपनीचा, त्याच लांबीच्या लाइनींचा बार तुमच्या काइटला लावा. दुखणं गेलं तर बार दोषी, तसंच राहिलं तर काइट. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते सोडून थेट लाइनी उसवायला बसतात. बार दुसऱ्या कंपनीचा असेल तर मात्र ही चाचणी टाळा. सेंटर लाइनी कुठून दुभंगतात आणि सेफ्टी, म्हणजे काइट सोडून दिल्यावर तो ज्या एका लाइनीवर धरलेला राहतो ती, कुठली आहे, हे प्रत्येक बारला वेगळं असतं.

जोडण्या आणि गाठी

लाल टोक डाव्या हाताला, हा बहुतेक बारचा रिवाज. डावी-उजवी उलट लागली असेल तर काइट उडताक्षणी कळतं, त्यामुळे तो दोष फार टिकत नाही. टिकतो तो वेगळाच. काइटच्या मागच्या कोपऱ्यावर लाइन अडकवायला बऱ्याच काइटना दोन-तीन जागा असतात, बार हलका किंवा जड करण्यासाठी. एका बाजूला पुढची जागा आणि दुसऱ्या बाजूला मागची लागली की काइट वाकडा उडतो आणि कुणाच्या डोक्यात येत नाही. दोन्ही कोपरे शेजारी धरून बघा.

मग लाइन चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवत जा. डोळ्याला न दिसणारी बारीक गाठ बोटाला लागते. डायनिमाच्या, म्हणजे या लाइनी ज्या मजबूत धाग्याच्या असतात त्याच्या, लाइनीत बसलेली गाठ दोन वाईट गोष्टी करते. लाइन आखूड करते हे एक. दुसरं जास्त गंभीर, त्या जागी लाइनीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. गाठ ओली आणि वाळूने भरलेली असेल तर गोड्या पाण्यात भिजत ठेवा, मग दाभणाने सावकाश सोडवा. दाभणाचं टोक आधी फरशीवर घासून बोथट करून घ्या, नाहीतर लाइनीची वीण उसकटते. दातांनी गाठ सोडवणाऱ्यांना माझा नमस्कार. सुटली तर तिथे लाइन मऊ पडलीय का, केस सुटलेत का ते बघा. सुटली नाही तर ती लाइन बाद. "एवढीशी गाठ आहे, चालतंय की" हे चालत नाही.

हवा

चौथं-पाचवं लक्षण असेल तर लाइनी मोजायच्या आधी पंपाकडे जा. लीडिंग एजला किती दाब हवा ते बहुतेक काइटवर छापलेलं असतं, साधारण 6 ते 8 पीएसआय. लहान काइट जास्त दाब मागतो, मोठा जरा कमी. हवा कमी असली की जोराच्या झोतात लीडिंग एज मध्ये वाकते, काइटचा आकारच बदलतो, आणि मग लाइनी कितीही सारख्या असोत, तो सरळ उडत नाही. आडव्या दांड्यांच्या, म्हणजे स्ट्रटच्या नळीवरची चिमटी बंद राहिली का, तेही बघा. एक स्ट्रट मऊ राहिला तरी काइट त्या बाजूला कलतो.

घरी सावलीत पूर्ण हवा भरून काइट तासभर ठेवा आणि दोन्ही टोकांना टिचकी मारून आवाज ऐका. एका टोकाला टणक आणि दुसऱ्याला बद्द आवाज आला तर टोकाला ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, पिळलेला असण्याची शक्यता मोठी. तो सरळ करणं घरी जमतं, फक्त घाई नको.

पुली आणि ब्रायडल

पुली म्हणजे ब्रायडलच्या दोरीवर सरकणारी छोटी चकती. मीठ आणि वाळू धरून ती एका बाजूला अडकली की काइट त्या बाजूला उशिरा वळतो. गोड्या पाण्यात बुडवून फिरवा. तेल, ग्रीस अजिबात नको, त्याला वाळू आणखी चिकटते. काइट मधोमध दुमडून दोन्ही बाजूंचे ब्रायडल एकावर एक धरा. दोरीची टोकं जुळली पाहिजेत. पुली जिथे घासते तिथली दोरी चपटी, लवदार झालेली दिसली तर ती दोरी बदलायची वेळ आली, आणि बदलायची ती दोन्ही बाजूंची, कारण नवी-जुनी जोडी सारखी ताणत नाही.

आता लाइनी मोजणं

खरं काम इथून सुरू होतं.

लाइनी 20 ते 24 मीटर, वर बारची लांबी आणि तुम्ही उभे राहायची जागा. घराच्या गच्चीवर हे होत नाही. शाळेचं मैदान चालतं, रहदारी नसलेली पाणंद चालते. मी बहुतेक वेळा द्राक्षबागेच्या कडेला जातो. मांडवाच्या कोपऱ्यातला लोखंडी अँगल कितीही ओढला तरी हलत नाही, आणि बागेच्या ओळीमुळे जागा सरळ मिळते. फक्त छाटणीच्या गडबडीत जाऊ नका, मालकाच्या शिव्या खाव्या लागतील. महावितरणच्या खांबाला काहीही बांधायचं नाही, आणि डोक्यावरून तारा जात असतील तिथे हे काम करायचंच नाही.

लाइनी धुतलेल्या आणि कोरड्या हव्यात. ओल्या, खारट लाइनीचं माप खोटं येतं. लाइन उघड्या बोटाला किंवा तळव्याला गुंडाळून ओढू नका. ही दोरी मांजापेक्षा जाड दिसली तरी ताण आला की कातडी सोलते. (ती बघून पोरं जमतात आणि "काका, ह्यो मांजा कुठं मिळतोय?" विचारतात. त्यांना सांगा की याने कुणाचा पतंग कापता येत नाही, लगेच पांगतात.)

अँगलला एक मजबूत आकडा किंवा कॅराबिनर लावा आणि चारही लाइनींची काइटकडची टोकं त्या एकाच जागी अडकवा. दोन वेगळ्या खिळ्यांना नको, त्यातच एखादा सेंटीमीटर खोटा येतो. काइटला लावायचे पिगटेल, म्हणजे ओळीने गाठी असलेले आखूड दोर, लाइनीवर असतील तर तेही त्यांच्या नेहमीच्या गाठीवरच हवेत. आता लाइनी एकमेकींत न गुंतवता चालत मागे या. ट्रिम पूर्ण सोडा. हार्नेस घालून चिकन लूप हुकात अडकवा आणि अंग मागे टाका, म्हणजे ताण दोन्ही सेंटर लाइनींवर सारखा येईल.

चारही लाइनी एकदम बघायला गेलं की डोकं फिरतं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत तानपुरा जुळवताना बघितला असेल तर क्रम सांगायला नको. मधल्या जोडाच्या दोन तारा आधी एकमेकींशी मिळवतात, मग बाकीच्या त्यांच्याशी. इथेही तेच, आधी दोन्ही सेंटर एकमेकींशी, मग दोन्ही बॅक एकमेकींशी, आणि सगळ्यात शेवटी ही जोडी त्या जोडीशी.

जोड्यांसाठी बार बाजूला ठेवून एकेक लाइन सुटी ताणून मोजलेलं जास्त खात्रीचं. सामान जोखायचा स्प्रिंगचा काटा घ्या, साध्या दुकानात मिळतो. लाइनीचं बारकडचं टोक काट्याच्या आकड्यात अडकवून 10 किलोपर्यंत ओढा, टोक जिथे आलं तिथे जमिनीवरच्या पट्टीवर खूण करा. दुसरी लाइनही त्याच 10 किलोवर. हाताच्या अंदाजाने ताणलं तर एकदा जास्त, एकदा कमी ओढलं जातं आणि तुम्ही नसलेला फरक दुरुस्त करत बसता. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरभर फरक मी सोडून देतो. दोन सेंटीमीटर झाला की बार हातात तिरका जाणवायला लागतो.

कुठली आखूड ते माप सांगेलच, पण पाण्यावरच्या आठवणीशी ताळा घ्या. उजवी बॅक आखूड असेल तर काइट उजवीकडे जातो आणि तुम्ही त्याला आवरायला डावं टोक आपल्याकडे ओढून धरता. माप आणि आठवण जुळली नाही तर पुन्हा मोजा. लाइनी सारख्या निघाल्या आणि बार तरीही तिरका येत असेल तर बारच्या टोकाची जाड लीडर दोरी बघा. फ्लोटरच्या, म्हणजे बारच्या टोकावरच्या तरंगत्या तुकड्याच्या, आत तिची गाठ सरकलेली असते, आणि तिथे कुणी बघत नाही.

आता पुढची जोडी मागच्या जोडीशी. लाइनी पुन्हा बारला जोडा, हार्नेसवर मागे रेला, ट्रिम पूर्ण सुटी, आणि बार चिकन लूपला टेकेपर्यंत आत ओढा. बहुतेक बारमध्ये या स्थितीत चारही लाइनी सारख्या ताणात हव्यात. काही कंपन्या थोडं वेगळं सांगतात, तुमच्या बारचं माहितीपत्रक असेल तर त्याचं ऐका. बॅक लाइनी ताठ आणि सेंटर लोंबताहेत असं दिसलं तर बॅक आखूड आहेत. मग बार हळूहळू बाहेर सरकू द्या. चारही लाइनी एका पातळीत ताठ झाल्या की थांबा आणि बार व चिकन लूपमधलं अंतर मोजा. तेवढाच तुमचा फरक. 5 सेंटीमीटर आला तर बॅक 5 सेंटीमीटर आखूड. उलट, बार टेकलेला असूनही बॅक लाइनींना झोळ असेल तर त्या लांब आहेत, म्हणजे दुसरं लक्षण.

हे होतं का, तर भारामुळे. सेंटर लाइनी तासन् तास तुमचं वजन आणि वाऱ्याची ओढ सोसतात. डायनिमा सततच्या भाराखाली हळूहळू लांबत जातो आणि नव्या लाइनीची वीणही घट्ट बसत जाते. बॅक लाइनींवर तेवढा भार नसतो, त्या होत्या तिथेच राहतात, वर मीठ-वाळू धरून, भिजून-वाळून थोड्या आक्रसतात. म्हणून जुना बार जवळजवळ नेहमी एकाच दिशेने बिघडतो, बॅक आखूड. दोन सेंटरमधलीच एक लांब निघाली तर ती सेफ्टीची लाइन आहे का बघा. काइट सोडून दिल्यावर तो त्या एकाच लाइनीवर लोंबतो, फडफडतो, आणि सगळा झटका तिला बसतो.

दुरुस्ती

डाव्या-उजव्यातला फरक असेल तर गाठ बदलायच्या आधी आखूड लाइन ताणून बघा. ती एकटी अँगलला अडकवा, दुसरं टोक हार्नेसच्या हुकात, आणि अंगाचा भार टाकून काही मिनिटं स्थिर रेलून राहा. झटके नकोत. पुन्हा काट्यावर मोजा. आक्रसलेली लाइन बऱ्याचदा एवढ्यानेच जागेवर येते. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल लावून ताणायची नाही. तुटलेली लाइन परत येते ती डोळ्याच्या उंचीवर. चष्मा घालून, आणि बघायला आलेल्यांना लाइनीच्या रेषेतून बाजूला काढूनच हे करा.

पुढच्या-मागच्या जोडीतला फरक लीडरवरच्या किंवा पिगटेलवरच्या गाठींनी काढायचा. तिथे तीन-चार गाठी ओळीने असतात आणि लाइनीचा फास त्यातल्या एकीवर बसवलेला असतो. बारपासून दूरच्या गाठीवर फास नेला की लाइन लांब, जवळच्या गाठीवर आणला की आखूड. पिगटेल काइटवर असेल तर हेच काइटपासून मोजा. दोन गाठींमधलं अंतर साधारण 2 ते 3 सेंटीमीटर असतं, तुमचं पट्टीने मोजून घ्या. वरच्या उदाहरणात अंतर अडीच असेल तर दोन्ही बॅक दोन-दोन गाठी बाहेर. दोन्ही बाजूंना सारखंच, हे सांगायला नको, पण समुद्रावर गडबडीत एकच बाजू बदलून परत आलेले लोक मला माहीत आहेत. आधीच्या गाठीवर मार्करने ठिपका ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. गाठही बदलली, काइटवरची जागाही बदलली आणि ट्रिमही हलवली, तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने ते सांगता येत नाही.

फ्लाइंग लाइनीवर, म्हणजे मधल्या लांब भागावर, आखूड करण्यासाठी कधीही गाठ मारू नका. कारण वर आलंच आहे. तुटलेल्या लाइनीला तंगूस किंवा नायलॉनची दोरी जोडून वेळ भागवायचाही प्रयत्न होतो. नायलॉन ताणाखाली रबरासारखा वाढतो, त्यामुळे झोताबरोबर त्या बाजूची लांबी बदलत राहते आणि काइट तुमच्या हातात राहत नाही.

मोजून झालं, गाठ बदलली, आता जरा उडवून बघू, हा मोह इथे होतो. माळावर वारा भरपूर असतो, ढालगावच्या बाजूला तर पवनचक्क्याच उभ्या आहेत. पाण्यावरचा 9-10 चौरस मीटरचा काइट अशा माळावर उडवायचा नाही. माणूस उचलून दगडावर आपटायला त्याला एक झोत पुरतो, आणि 24 मीटर लाइनींच्या घेरात आपल्याकडे कुठली ना कुठली विजेची तार येतेच. चाचणी समुद्रावर, वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित किनाऱ्याकडे असताना, बेताच्या वेगात. आंबोली उतरून जाईपर्यंत कळ काढा.

इथे थांबा

काही गोष्टी घरी करायच्या नसतात, मग हाताला कितीही चांगलं वळण असो.

क्विक रिलीज, म्हणजे संकटात काइट झटकन सोडून द्यायची कळ. ढकलल्यावर ती भाराखाली एका हाताने सुटलीच पाहिजे. गोड्या पाण्यात धुऊन, वाळू काढूनही अडकत असेल, चिकन लूपला तडा असेल किंवा आतली पिन वाकली असेल, तर तो बार पाण्यात न्यायचा नाही. सुटा भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा मागवा. या रिलीजसाठी 2020 पासून आयएसओ 21853 हे मानकच आहे, तेव्हा लेथवरून करून आणलेली पिन चालणार नाही. आपल्याकडे कुपवाडच्या एमआयडीसीत काहीही करून मिळतं हे खरं, पण हे तिथे करून घेऊ नका.

बारच्या भोकातून जाणारी ट्रिमची दोरी. तिच्यावरचं प्लास्टिकचं आवरण झिजून आतली वीण दिसायला लागली की दोरी बदला. भोकापाशी आणि ट्रिमच्या दातांखाली बोटाने दाबून बघा, झीज तिथेच आधी होते. बदलण्यात अवघड असं काही नाही, पण सेफ्टीची लाइन बऱ्याच बारमध्ये तिथूनच जाते आणि ती चुकीच्या मार्गाने ओवली तर सोडल्यावर काइट निपचित पडत नाही. पहिल्यांदा करत असाल तर जाणत्याकडूनच करून घ्या.

सेंटर लाइनीवर कुठेही केस सुटलेले, कापल्याची खूण किंवा वितळून कडक झालेला डाग दिसला तर गाठी-माप सगळं बाजूला ठेवा. डायनिमा साधारण 150 अंशाच्या आसपासच वितळतो, दोन लाइनी ताणात एकमेकींवर घासल्या तरी डाग पडतो. एक लाइन तुटली म्हणून एकटी नवी लावली तर ती पहिल्या काही दिवसांत बसत जाते आणि चारही लाइनी पुन्हा वेगवेगळ्या होतात. संच बदला. टोकांचे फास शिवलेले आणि वर आवरण घातलेले असतात, ते घरच्या शिलाई मशीनवर होत नाहीत.

आणि शेवटचं. चारही लाइनी सारख्या, ब्रायडल जुळतात, हवा बरोबर, बार बदलून बघितला, तरीही काइट त्याच बाजूला जातो. म्हणजे कापड एका बाजूला ताणलंय किंवा लीडिंग एजची शिवण सरकलीय. ते काम काइट दुरुस्त करणाऱ्याचं. सांगली-मिरजेत असा माणूस नाही. गोव्यात किंवा तमिळनाडूत तुतीकोरिन-रामेश्वरमकडे जिथे वर्षातले बरेच महिने काइट चालतात, तिथल्या शाळांमध्ये विचारावं लागतं.

तिकडे पाठवताना नुसता काइट पाठवू नका, बारसकट पाठवा. कागदावर काइटचं मॉडेल, माप आणि साल लिहा, लाइनींची लांबी, चारही लाइनींची तुम्ही घेतलेली मापं, फास कुठल्या गाठीवर आहे, आणि काइट कुठल्या बाजूला जातो, तो बार आत असताना की बाहेर असतानाही. एवढं लिहिलेलं असलं की दुरुस्त करणारा पहिला दिवस तुमच्या लाइनी मोजण्यात घालवत नाही. नवा संच लावून आला तर पहिल्या दोन-तीन वेळा पाण्यावरून आल्यानंतर लाइनी परत अँगलला लावून मोजा, सेंटर तेवढ्यात थोड्या लांबलेल्या असतातच.